अपुरी आकृती

बुवापाड्याहून शिवालयाला जाणारे आपण सारे. पण १८६८ साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेची मंडळी याच देवळाची रेखाटने आणि ठसे घ्यायला आली होती, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. चार वर्षांनी, १८७२ मध्ये, त्याच शाळेचे विद्यार्थी जॉन ग्रिफिथ्स या गुरूबरोबर अजिंठ्याला गेले. मध्ये खंड पडत ते काम १८८५ पर्यंत चालले. पेस्तनजी बोमनजी त्यांच्यातलेच. त्यांच्या आधी मेजर गिल याने वर्षानुवर्षे खपून केलेल्या नकला १८६६ साली लंडनजवळ सिडनहॅमच्या आगीत बहुतेक जळाल्या होत्या, म्हणून हा दुसरा खटाटोप.

या मुलांचा हात शाळेत घटवला होता तो प्लॅस्टरच्या ग्रीक मूर्तींवर. आकृती हाती घेतली की ती नखशिखान्त पुरी करायची, ही तिथली शिस्त. आणि लेण्यात समोर काय? मुखडा शाबूत, पण कोपराखाली हातच नाही. गिलावा गळून पडलेला. कुठे वरचा रंग उडून चित्रकाराने आरंभी मारलेली तांबडी रेघ उघडी पडलेली. बाराशे-चौदाशे वर्षांपूर्वी पुरे झालेले चित्र पुन्हा कच्च्या आराखड्याकडे निघालेले! तो हात काढून टाकणे त्यांना अवघड नव्हते. त्यांनी तो काढला नाही. कापडावर तैलरंगात तेथे पडक्या भिंतीचा मातकट डागच रंगवला. आम्हांला ही संयमाची गोष्ट हस्तकौशल्याहून मोठी वाटते. जुन्या मूर्तीला नवे नाक बसवणारे लोक आपण कमी का पाहतो?

मात्र हाच संयम भिंतीच्या वाट्याला आला नाही. रंग उजळ दिसावेत म्हणून ग्रिफिथ्सने मूळ चित्रांवर व्हार्निश चढवले. ते पुढे पिवळे पडले, आणि १९२० ते २२ या काळात निजाम सरकारला इटलीहून चेक्कोनी आणि ओर्सिनी हे तज्ज्ञ आणवून ते काढवावे लागले. नकलेत एक रेघ वाढवायची नाही, आणि अस्सलावर मात्र लेप द्यायचा, हा उफराटा न्याय खराच.

१८८५ साली लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमध्येही आग लागली. या नकलांपैकी कित्येक गेल्या. उरलेल्या तेथील व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयात आहेत. त्या कापडावरच्या मातकट डागाची कड आणि आज लेण्यातली तीच कड ताडून पाहिली, की मधल्या काळात आणखी किती रंग झडला हे कळते.