शब्द, स्थान आणि क्रम



‘आपले नाव शोधयंत्राच्या पडद्यावर वर का येत नाही?’ हा प्रश्न आज महाराज बाड्यावरील व्यापाऱ्यास पडतो, तसाच लश्करातील गायनवर्ग चालविणाऱ्यासही. त्याचाच येथे विचार करावयाचा आहे.

१९९८ साली ‘गोटू डॉट कॉम’ने नियम घातला : ज्याची बोली अधिक, तो वर. गूगलने २००२ पासून बोलीच्या जोडीला वाचकांचा प्रतिसादही धरला. ढोबळ हिशेब असा : एकाची बोली २० रुपये आणि गुणवत्ता ३, गुणाकार ६०, दुसऱ्याची बोली १२ रुपये आणि गुणवत्ता ६, गुणाकार ७२. दुसरा वर येतो, आणि त्याला दर टिचकीस १० रुपयांहून किंचितच अधिक पडतात. आजचे गणित याहून गुंतागुंतीचे आहे; तत्त्व मात्र तेच.

आता शब्द. ‘ग्वाल्हेर’ म्हटले की कुणाला किल्ला हवा असतो, कुणाला घराणे, कुणाला मुक्कामाची खोली. गायनशिक्षकाने हा एकच शब्द व्यापक जुळणीने घेतला, तर खोली शोधणाऱ्यांपुढेही त्याची जाहिरात जाईल. तेथे प्रतिसादाची अपेक्षा कमी, म्हणून क्रमही खालचा; आणि चुकून पडलेल्या टिचकीचे पैसे वायाच. ‘ख्याल गायनवर्ग ग्वाल्हेर’ अशी नेमकी जुळणी थोड्यांना दिसते, पण योग्य त्यांना. शिवाय आपल्या गावाचे नाव मराठीत ‘ग्वाल्हेर’, हिंदीत ‘ग्वालियर’. दोन्ही रूपे ध्यानी घ्यावीत.

स्थाननिवडीचे कार्य निराळे. गाव निवडल्याने गुण वाढत नाहीत. कोणत्या लिलावात उतरायचे, एवढेच ठरते. त्यातही ‘या गावात असलेले’ आणि ‘या गावाविषयी उत्सुक असलेले’ असा भेद आहे. घरी शिकविणाऱ्यास पुण्यातला जिज्ञासू निरुपयोगी; दूरस्थ शिकवणी घेणाऱ्यास तोच शिष्य ठरू शकतो.

तात्पर्य, ज्याची थैली लहान, त्याचे बळ नेमकेपणात आहे. तथापि शोधणाऱ्यानेही ‘प्रायोजित’ ही बारीक अक्षरे वाचावीत. पडद्यावरचा पहिला गुरू हा बोली आणि प्रतिसाद यांच्या हिशेबात पहिला असतो. त्याची विद्या त्या हिशेबात मोजलेली नसते. ती पारखण्याचे काम अजून आपल्याच कानांकडे आहे.