भांडवलाला हमी, मजुराला उचल

(कौंडण्यपूर येथे धम्मबांधवांच्या सभेत एका वकिलाने दिलेले व्याख्यान)



आपण आज वर्धेच्या काठी जमलो आहोत. कार्तिकातील यात्रा नुकतीच आटोपली आहे. पुराणिक या गावास रुक्मिणीचे माहेर म्हणतात, आणि उत्खनन करणारे पंडित येथे प्राचीन नगराच्या खुणा दाखवितात. मी मात्र पुराणातील कथा सांगण्यास आलेलो नाही. याच नदीच्या काठाने खाली गेले म्हणजे पुलगावाजवळ रेल्वेचा पूल लागतो. त्या पुलावरून नागपूरकडे जाणारा लोहमार्ग कोणी बांधला, एवढाच प्रश्न मला आपणांस विचारावयाचा आहे. आपण म्हणाल, इंग्रजांनी. शाळेच्या पुस्तकात तसेच लिहिलेले असते. परंतु इंग्रजाने नकाशा काढला आणि पैसा लावला. डोंगर कोणी फोडला? मातीच्या पाट्या कोणाच्या डोक्यावर होत्या?

हा प्रश्न आजच विचारण्यास कारण आहे. यात्रा संपली की आपल्या वस्तीतील कित्येक कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन वीटभट्टीवर, ऊसतोडीला किंवा दूरच्या शहरातील बांधकामावर जातात. कोणी उचल घेतलीही असेल. त्या कुटुंबांना उद्देशूनच मी बोलणार आहे.

१८४९ साली ईस्ट इंडिया कंपनी आणि ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनी यांच्यात करार झाला. त्या कराराने भागधारकांच्या भांडवलावर शेकडा ५ व्याजाची हमी दिली, आणि रेल्वेला लागणारी जमीन फुकट दिली. गाडी चालो वा न चालो, नफा होवो वा न होवो, लंडनमधील भागधारकाला त्याचे व्याज मिळणारच होते, आणि तूट पडल्यास ती या देशाच्या महसुलातून भरून निघणार होती. त्या महसुलात वऱ्हाडच्या आणि देशावरच्या कुणब्याचा घाम होता. अशी भक्कम हमी भांडवलाने आधी लिहून घेतली, मग काम सुरू केले. मजुरासाठी त्या करारात अशी कोणती हमी होती? कोणतीही नव्हती.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली गाडी गेली. ती सपाट भूमी होती. खरी कसोटी पुढे सह्याद्रीत होती. बोरघाटाचे काम १८५६ साली सुरू झाले. सुमारे १६ मैलांच्या चढात १,८३१ फूट उंची गाठावयाची होती. २५ बोगदे खोदावयाचे होते आणि ८ मोठे पूल उभारावयाचे होते. १८६१ साली या एका घाटात ४२,००० हून अधिक माणसे राबत होती. बायका आणि मुलेही त्यांत होती. ही माणसे घाटातील नव्हती. गाव सोडून, मुलूख सोडून, टोळ्याटोळ्यांनी ती आली होती. कड्यावर दोराला लोंबकळत त्यांनी सुरुंगाची भोके पाडली. झोपड्यांत पटकी शिरली आणि माणसे हजारांनी मेली.

कंपनीने काम कंत्राटदाराला दिले, कंत्राटदाराने पोटकंत्राटदाराला, पोटकंत्राटदाराने मुकादमाला. दर पायरीवर थोडा पैसा गळत गेला आणि खालच्या माणसाच्या हाती पोहोचेपर्यंत मजुरी उरेना. जानेवारी १८५९ मध्ये थकलेल्या मजुरीसाठी हे मजूर खवळले आणि युरोपियन देखरेखदारांवर चालून गेले. सरकारने चौकशी केली. मजुरांचे पैसे खरोखरच थकले होते, हे दिसून आले. पहिला कंत्राटदार फॅव्हिएल काम सोडून गेला. त्याच्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल त्याच वर्षी मरण पावला, आणि त्याची पत्नी ॲलिस हिने कंत्राट पुढे चालविले. १८६३ साली घाट खुला झाला. मुख्य अभियंता बर्कली याचे नाव ग्रंथांत आहे, कंत्राटदारांचीही आहेत. त्या हजारो मजुरांची नावे मात्र कोणत्याही ग्रंथात नाहीत.

या दंग्यातून कायदा निपजला. १८६० च्या नवव्या कायद्याने रेल्वे आणि इतर सार्वजनिक कामांवरील मजुरीचे तंटे मॅजिस्ट्रेटने तातडीने निकालात काढावेत, असे ठरले. मजुराला दाद मागण्यास दार उघडले, हे खरे. परंतु वकील या नात्याने त्या कायद्याची दुसरी बाजू सांगणे माझे कर्तव्य आहे. त्याच कायद्याने करार मोडणारा मजूर दंडास पात्र ठरला. त्याच्या आदल्या वर्षी, १८५९ मध्ये, तेराव्या कायद्याने उचल घेऊन काम सोडणाऱ्या मजुराला तीन महिन्यांपर्यंत तुरुंग दाखविला होता. मालकाने मजुरी बुडविली तर तो हिशोबाचा तंटा, आणि मजुराने काम सोडले तर तो गुन्हा! अशा तराजूला न्याय म्हणता येईल काय? हे दोन कायदे रद्द होण्यास १९२५ आणि १९३२ ही साले उजाडली.

पुढे रेल्वे भुसावळ, अकोला, बडनेरा असे करीत १८६७ साली नागपूरला पोहोचली. वऱ्हाडचा कापूस मुंबईस जाऊ लागला. १८७० साली मुंबईची लाईन जबलपूर येथे कलकत्त्याच्या लाईनीस मिळाली, आणि देश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जोडला गेला.

हे केवळ आपल्याच देशात घडले असे नव्हे. त्याच दशकात अमेरिकेत दोन महासागरांना जोडणारा लोहमार्ग होत होता. पश्चिमेकडील बर्फाळ पर्वतांतील काम हजारो चिनी मजुरांनी केले. गोऱ्या मजुराला मजुरीवर जेवण मिळे. चिनी मजुराला आपले अन्न आपणच विकत घ्यावे लागे. जून १८६७ मध्ये त्यांनी समान मजुरीसाठी शांतपणे काम थांबविले. कंपनीने त्यांच्या अन्नाचा पुरवठा तोडला आणि आठवड्याभरात संप मोडला. १० मे १८६९ रोजी मार्ग पुरा झाला, आणि १८८२ साली त्याच देशाने चिनी मजुरांना प्रवेशबंदी करणारा कायदा केला. परमुलखातील मजूर मालकाला का आवडतो, हे यावरून समजावे. त्याच्या मागे बोलणारे गणगोत नसते, त्याला तेथील कायदा माहीत नसतो, आणि परतीची वाट दुसऱ्याच्या हाती असते.

आपल्याकडे याहून आणखी एक गाठ होती, ती जातीची. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाड येथे जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. तेथे बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे सांगितले. अस्पृश्य माणूस रेल्वेत जन्मभर गँगमन म्हणूनच का राहतो, याचे कारणही त्यांनी उघड केले. हमालाला स्टेशनमास्तरच्या घरचे काम करावे लागे, म्हणून हमालाची जागादेखील त्याला मिळत नसे. ज्याच्या बापजाद्यांनी रूळ घातला, त्याला फलाटावरचे ओझे उचलण्याचीही बंदी होती!

बाबासाहेबांनी केवळ निदान केले नाही. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. किमान वेतनाचे विधेयक १९४६ साली त्यांनीच मांडले. पुढे संविधानाच्या अनुच्छेद २३ ने वेठ आणि सक्तीची मजुरी निषिद्ध ठरविली. १९८२ साली दिल्लीच्या एशियाड बांधकामावरील मजुरांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. किमान वेतन रोज ९ रुपये २५ पैसे होते, आणि जमादार त्यातून एक रुपया कापून घेत. न्यायालयाने निर्णय दिला की किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबविणे ही अनुच्छेद २३ खालील सक्तीची मजुरीच होय. बोरघाटातील गळतीला सव्वाशे वर्षांनी हे उत्तर मिळाले.

तरीही ८ मे २०२० ची पहाट विसरू नका. टाळेबंदीत जालन्याहून पायी गावाकडे निघालेले १६ मजूर करमाडजवळ रुळांवर झोपले असता मालगाडीखाली सापडले. कायदा होता, पण त्या रात्री त्यांच्यापर्यंत तो पोहोचला नाही. कायदा पायी चालत येत नाही, त्याला हात धरून आणावा लागतो.

तो कसा आणावा? काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक कुटुंब आले. नवरा, बायको आणि दोन मुले सहा महिने भट्टीवर राबली होती. हिशोबाच्या दिवशी मुकादमाने वही उघडली आणि सांगितले, उचल अजून फिटलेली नाही. यांच्याजवळ कागदाचा कपटा नव्हता. परंतु त्या माउलीने जुन्या दिनदर्शिकेवर रोज पाडलेल्या विटांची, हजारामागे एक, अशी रेघ ओढून ठेवली होती. तिला अक्षर येत नव्हते; मोजता येत होते. त्या रेघांपुढे मुकादमाची वही टिकली नाही आणि त्यांची मजुरी त्यांना मिळाली.

म्हणून मी आपणांस विनवितो. उचल घ्याल तर रक्कम आणि तारीख दोन साक्षीदारांसमक्ष लिहून घ्या. मुकादमाबरोबर मूळ मालकाचेही नाव आणि ठिकाण टिपून ठेवा. रोजचा हिशोब स्वतःच्या वहीत मांडा. घरात शिकणारे लेकरू असेल त्याला ते काम द्या. आणि हे पक्के ध्यानात धरा की उचल फार तर दिवाणी देणे आहे. ती फिटली नाही म्हणून माणसाला डांबून ठेवणे हा, १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने, डांबणाऱ्याचाच गुन्हा आहे. अशी तक्रार जिल्हाधिकाऱ्याकडे नेता येते. निघण्यापूर्वी जाणाऱ्या प्रत्येकाचे नाव विहारातील नोंदवहीत लिहा: कोण, कोठे, कोणाकडे, कधी परतणार.

बोरघाटात मेलेल्यांची नावे लिहून ठेवणारे कोणी नव्हते. आपली नावे लिहिणारी मुले आपल्या घरात आहेत. ती वही आजच, ही सभा उठण्यापूर्वी उघडावी, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.

जय भीम.