दाराबाहेर बसताना

श्रोतेहो, सतरा वर्षांची मुलगी एके दिवशी जेवताना म्हणाली, "अब्बा, मला नाटक शिकायचंय. हौस म्हणून नाही, कॉलेजात जाऊन शिकायचंय." यावर एका कवीने काय म्हणायला हवं होतं? मी म्हणालो, "आधी बारावी होऊ दे."

हे मुद्दाम पहिल्यांदाच सांगून टाकतो. कारण गेली तीस वर्षं मी कविसंमेलनांतून बायकांच्या स्वातंत्र्यावर कविता वाचतो आहे. त्यातल्या दोन-तीन कवितांना हमखास टाळ्या पडतात. आणि घरात वेळ आली तेव्हा मी पंचायत समितीतल्या कारकुनासारखा बोललो. मी तिथे कारकूनच आहे, ती गोष्ट वेगळी.

आम्ही मिरजेचे. शेजारी सांगली. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली 'सीता स्वयंवर' केलं ते याच सांगलीत. तेव्हा आमच्याकडे नाटक कुणाला परकं नाही. पण पाहणं निराळं आणि मुलीला तिथे पाठवणं निराळं. माझे चुलते ऐंशीच्या घरातले. त्यांनी विचारलं, "छोरी को नाटक में डालते क्या रे? अपने में कोई गया क्या?" मी म्हटलं, चाचा, खाँसाहेब अब्दुल करीम खाँ आपल्या मिरजेचे, त्यांची कबर आपल्या दर्ग्यात. उरुसात त्यांच्या नावाने गाणं होतं, ते तुम्ही रात्रभर बसून ऐकता. त्यांची मुलगी हिराबाई बडोदेकर १९०५ साली याच गावात जन्मली. बायकांच्या भूमिका पुरुष करत होते त्या काळात ती रंगभूमीवर उभी राहिली. चाचा शांतपणे म्हणाले, "वो गानेवाले लोग थे." वादात मी नेहमीच हरतो, तसाच हरलो.

तिच्या अम्मीचा विरोध असेल असं मला वाटत होतं. पण तिचे प्रश्न भलतेच होते. तालीम रात्री किती वाजता संपते? त्यानंतर जेवण मिळतं का? वसतिगृह किती लांब? या प्रश्नांची उत्तरं मिळतील का, एवढंच तिला हवं होतं. माझ्याकडे एकही उत्तर नव्हतं.

मग शोधाशोध सुरू झाली. पालकांच्या उपयोगाचं म्हणून थोडं सांगतो. नाट्यशाळा म्हटलं की आपल्याला दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय आठवतं. १९५९ साली ते सुरू झालं आणि पुढे इब्राहिम अल्काझी यांनी त्याला आकार दिला. अल्काझी मूळचे पुण्याचे, हे पुष्कळांना माहीत नसतं. पण तिथे पदवी लागते आणि नाटकांत काम केल्याचा अनुभवही लागतो. बारावी झालेल्या मुलांना तिथे थेट जाता येत नाही. मुंबई विद्यापीठाच्या नाट्यविभागातही पदवीनंतरच प्रवेश. बारावीनंतर नाटकाचा पदवी अभ्यासक्रम करता येईल अशा जागा आपल्या राज्यात थोड्याच. आम्ही दोन-तीन ठिकाणी फॉर्म भरले. पुढे जे घडलं ते कुठल्या संस्थेत, ते सांगत नाही, कारण दोष संस्थेचा नव्हताच.

फॉर्म भरणं हीच पहिली परीक्षा. माझ्या लेकीच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग आधारकार्डावर एक, दहावीच्या गुणपत्रिकेवर दुसरं आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तिसरं. मुसलमानी नावांचं हे दुखणं जुनं आहे, ज्याने जसं ऐकलं तसं लिहिलं. ते दुरुस्त करण्यात दीड महिना गेला. नाटकाचा 'न'सुद्धा न काढता आम्ही तहसील कार्यालय, नोटरी आणि झेरॉक्सवाला यांच्या वाऱ्या करत होतो. तुमच्या घरी असं मूल असेल तर एवढं आत्ताच करून ठेवा. शेवटच्या आठवड्यात स्पेलिंग दुरुस्त होत नाही.

आता ऑडिशन. एक मराठी स्वगत, एक दुसऱ्या भाषेतला उतारा, थोडं गाणं, थोडी हालचाल आणि मुलाखत. मराठी स्वगत तिने निवडलं तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'मधलं, बेणारेबाईंचं. नाटक १९६७ सालचं. तेव्हापासून ऑडिशन देणाऱ्या निम्म्या मुली तेच करत असाव्यात. मुलगे बहुधा 'नटसम्राट' करतात. अठरा वर्षांचा पोरगा म्हाताऱ्या अप्पासाहेबांचं दुःख सांगत असतो आणि परीक्षक पेन खाली ठेवून ऐकत असतात. आपल्या वयाजवळचं काही निवडावं, हा साधा सल्ला आम्हाला तेव्हा कुणी दिला नाही. मीही विचारला नाही. कारण मला वाटलं, बोललेला शब्द हा माझा प्रांत आहे. मीच शिकवतो.

इथे माझं थोडं सांगायला हवं. आमच्या घरात दखनी बोलतात. मराठी मी शाळेत शिकलो आणि उच्चार शिकलो ते आकाशवाणीच्या बातम्या ऐकून. 'चंद्रा'तला 'च' वेगळा आणि 'चांदण्या'तला 'च' वेगळा. 'माझी'तला 'झ' वेगळा, 'माझा'तला वेगळा. ट्रान्झिस्टर कानाला लावून मी हे पुन्हा पुन्हा म्हणत असे. 'ळ'साठी तर जिभेला गाठ पडेल इतका सराव केला. तरीही कविता वाचून खाली उतरलो की कुणीतरी भला माणूस येऊन म्हणतोच, "तुमचं मराठी किती शुद्ध आहे हो!" तो कौतुक करत असतो. मी आभार मानतो. घरी येईपर्यंत ते वाक्य पायात काट्यासारखं असतं.

तो काटा मी लेकीच्या पायात टोचला. रोज संध्याकाळी तिला उभं करायचं आणि एकेक वाक्य घासून घ्यायचं. 'ण' नीट. 'ळ' नीट. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत. इथे थांब, इथे चढव, म्हणजे टाळी येते. एकदा ती म्हणाली, "अब्बा, कोर्ट तिला बोलायला फक्त दहा सेकंद देतं. बाकीचे सगळे गोठून उभे राहतात आणि मग ती एवढं सगळं बोलते. दहा सेकंदांत एवढं कुणाला बोलता येईल का? म्हणजे ती हे कुणालाच सांगत नाहीये. मनात बोलतेय." मी म्हणालो, "ते असू दे. आवाज चढव."

श्रोतेहो, तिने पूर्ण नाटक दोनदा वाचलं होतं. मी ते वीस वर्षांपूर्वी एकदा वाचलं होतं. तरी शिकवत मी होतो.

२०२२च्या पावसाळ्यात रात्रीच्या गाडीने पुण्याला गेलो. तिचा नंबर दुपारी लागला. दहा मिनिटांत बाहेर आली. मी लगेच विचारलं, "ळ नीट आला?" तिने मान हलवली. परतीच्या गाडीत खिडकीकडे तोंड करून बसली होती. कऱ्हाड मागे पडलं तेव्हा बोलली. स्वगत झाल्यावर एका बाईंनी विचारलं होतं, "छान. घरी कशी बोलतेस तू?" आणि ही म्हणाली होती, "अशीच बोलते."

"खोटं बोलले मी, अब्बा. त्यांना कळलं."

निवड झाली नाही. ते तिने दोन दिवसांत पचवलं. ते खोटं मात्र तिने पचवलं नाही, आणि मीही नाही. कारण ते मी शिकवलं होतं. घरची भाषा बाहेर काढायची नाही, असं शब्दांत कधी म्हटलं नसेन, पण वर्षानुवर्षं तेच सांगत आलो होतो.

वर्ष वाया जायला नको म्हणून तिने गावातच बी.ए.ला नाव घातलं आणि कॉलेजच्या एकांकिकेत शिरली. तिथे बसवणाऱ्या मुलाने सगळ्यांना एक काम दिलं. महिनाभर एकच माणूस बघायचा, त्याच्याशी फार बोलायचं नाही. ही सतारमेकर गल्लीत जाऊन बसायला लागली. मिरजेच्या सतारी आणि तंबोरे देशभर जातात. त्यांचे भोपळे पंढरपूरच्या बाजूने येतात. तिने निवडलेले कारागीर जवारी काढणारे होते. घोडीवर कानस फिरवायची, तार चढवायची, छेडायची, कान लावायचा, तार उतरवायची, पुन्हा कानस. कधी एका तंबोऱ्यावर अख्खा दिवस. ती घरी येऊन काही सांगायची नाही. तिच्या हाताची बोटं मात्र जेवतानाही वेगळीच हलायची.

पुढच्या वर्षी तिने पुन्हा फॉर्म भरला. स्पेलिंग तयार होतं! काय करणार आहेस, असं मी विचारलं नाही. विचारायचं नाही असं तिच्या अम्मीने मला बजावलं होतं. मग माझ्याकडे राहिलं काय? तिकिटं काढणं, पाण्याची बाटली भरणं, मूळ कागद वेगळ्या पिशवीत ठेवणं आणि दाराबाहेर बसणं.

त्या दाराबाहेरच्या बाकड्यावर मी पाच तास बसलो. तिथे आमच्यासारखे पुष्कळ आईबाप होते. एक बाई मुलाचा उतारा हातात धरून ओठ हलवत होत्या, जणू आत तो विसरला तर भिंतीतून सांगतील. एक गृहस्थ दाराला जवळजवळ कान लावून उभे होते, शिपायाने त्यांना दोनदा हटकलं. त्यांच्यात मला मागच्या वर्षीचा मी दिसत होतो. माझ्या शेजारी बार्शीकडचे एक शेतकरी. समोर हिरवळीवर त्यांचा मुलगा चार पायांवर चालत होता, मान वळवून काहीतरी हुंगत होता. मी विचारलं, काय करतोय? ते म्हणाले, "आमचं खोंड करतोय. बरोबर करतोय, डाव्या अंगाला लंगडतं ते." मग डबा उघडून म्हणाले, "आत काय विचारत्यात मला ठाव नाही. भाकरी आणलीया. घ्या." शेंगदाण्याची चटणी होती. त्या दिवशी त्या आवारात सगळ्यात चांगला पालक तोच होता, असं माझं मत आहे.

ती बाहेर आली. मी बाटली पुढे केली. बास. या वेळी ती सातारा यायच्या आधीच बोलली. निरीक्षणावर काहीतरी करून दाखवा म्हणाले होते. तिने तंबोरा नसताना तंबोरा मांडीवर घेतला आणि जवारी काढली. पाच-सहा मिनिटं. शब्द म्हणाल तर एकच वाक्य, मान न उचलता, "अबी गाती नै." तार अजून गात नाही. मागच्या वर्षीच्या त्याच बाई होत्या. त्यांनी विचारलं, ही कुठली भाषा? ही म्हणाली, "घरची." घरी कुणाशी बोलतेस? "सगळ्यांशी. फक्त अब्बांशी मराठी."

मी खिडकीबाहेर पाहत राहिलो.

यादीत तिचं नाव नव्हतं. वेटिंग लिस्टवर दुसरी होती. त्या तीन आठवड्यांत घरात फोन वाजला की सगळे ताठ व्हायचे. शेवटी एका संध्याकाळी फोन आला, चार दिवसांत पैसे भरा. सोसायटीकडून कर्ज काढलं. चाचांनी न सांगता पाच हजार पाठवले, वर निरोप, "नाटक को नहीं, छोरी को दिया." आणि तिच्या अम्मीच्या प्रश्नांची उत्तरं मिळाली. तालीम कधी कधी अकराला संपते, मेस त्याआधीच बंद होते, त्यामुळे जेवण मिळत नाही. तेव्हापासून दर पंधरवड्याला ओळखीच्या कुणाबरोबर तरी चिवडा, खारी आणि तिळाच्या चटणीची बरणी पुण्याला जाते.

पुढे नोकरीचं काय, असं मला लोक विचारतात. मीही विचारतो, पण तिला नाही.

गेल्या बकरी ईदला ती दोन दिवस आली होती. ती जवारी मला एकदा करून दाखव, असं मी म्हटलं. तिने नाही म्हटलं. तुम्ही मध्येच बोलाल, म्हणाली. दुपारी स्वयंपाकघरात अम्मीला मात्र करून दाखवली. मी बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र धरून बसलो होतो. बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग ते एक वाक्य, अगदी हळू. पुन्हा काही नाही. आणि मग तिची अम्मी हसली.