रँडबाईचं गाऱ्हाणं

(मारेगाव, जि. यवतमाळ येथे सावित्रीबाई फुले जयंतीनिमित्त भरलेल्या महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

कापूस वेचणीचे दिवस आहेत. आजची मजुरी बुडवून तुम्ही आलात, काही जणी तर पोडावरून पायी आलात. आणि मी बोलणार आहे अमेरिकेतल्या एका टीव्ही मालिकेवर. माझ्या वणीच्या मैत्रिणीने काल विचारलंच, "बाई, डोकं ठिकाणावर आहे ना?" आहे. दहा मिनिटं दम धरा, मग काय ते ठरवा.

मालिकेचं नाव 'स्टार ट्रेक'. १९६६ साली अमेरिकेत सुरू झाली आणि नव्या नव्या रूपांत, नव्या नटनट्यांना घेऊन, सिनेमे धरून आजपर्यंत चालू आहे. गोष्ट पुढच्या शतकांतली. माणसं अवकाशयानातून ताऱ्याताऱ्यांवर फिरतात. भूक संपली, गरिबी संपली, गोरा-काळा भेद संपला, असं ते जग. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी ती लागायची. मी तेव्हा नागपुरात होते. शेजाऱ्यांकडे टीव्ही. आम्ही पंधरावीस जण सतरंजीवर बसायचो. इंग्रजी अर्धंमुर्धं कळायचं, शेजारचा दादा मधूनमधून मराठीत सांगायचा. लांब कानांचा स्पॉक सगळ्यांचा लाडका. तो कधी हसत नसे.

अलीकडे माझ्या भाचीने फोनवर तेच जुने भाग बघायला घेतले. एक भाग तिने मध्येच थांबवला आणि मला बोलावलं. "आत्या, हे तू बघितलंस? आणि तुला काही वाटलं नाही?"

तो भाग १९६६ च्या ऑक्टोबरातला. यानावर माणसांना एका जागेवरून दुसरीकडे क्षणात पाठवणारं यंत्र असतं. ते बिघडतं आणि कॅप्टन कर्कचे दोन कॅप्टन होतात. एक भला, पण मवाळ, निर्णय घेता येत नाही असा. दुसरा आडदांड, हिंसक. यानावर जेनिस रँड नावाची तरुण मुलगी कॅप्टनच्या हाताखाली काम करते. सह्यांचे कागद आणायचे, कॉफी आणायची, जेवणाचं ताट आणायचं. हुद्दा काहीही म्हणा, काम आपल्या ओळखीचंच आहे. तो दुसरा कॅप्टन दारू पिऊन तिच्या खोलीत शिरतो आणि तिच्यावर जबरदस्ती करू बघतो. ती झगडते, त्याचा चेहरा ओरबाडते. बाहेरून जाणारा एक कामगार बघतो, म्हणून ती सुटते.

हा प्रसंग भयंकर आहेच. मला मात्र तुम्हाला त्याच्या पुढचा सांगायचा आहे.

तिची चौकशी होते. समोर कोण? स्पॉक, डॉक्टर आणि खुद्द कॅप्टन! ज्याच्याविरुद्ध गाऱ्हाणं, तोच समोर. कॅप्टनचे दोन कॅप्टन झालेत हे अजून कुणालाच ठाऊक नाही, म्हणजे तिच्या दृष्टीने हाच तो माणूस. रडत रडत ती सांगते की हे कॅप्टन आहेत, मी काय करणार होते? आणि पुढे म्हणते की तुम्हाला अडचणीत आणायचं नव्हतं, मी हे बोललेही नसते. कॅप्टन काय करतो? स्वतःचा चेहरा पुढे करतो. दाखव, कुठे आहेत ओरखडे? तिला खरी ठरवायला तो पुरुष कामगार यावा लागतो, त्याने सांगावं लागतं की मीही बघितलं.

बायांनो, हे सगळं एका अमेरिकन स्टुडिओत लिहिलं गेलं. सहा वर्षांनी, २६ मार्च १९७२ ला, आपल्या वर्धा नदीच्या पलीकडे, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा प्रकरण घडलं. मजुरी करणारी आदिवासी मुलगी आणि दोन पोलीस. सेशन्स कोर्टाने पोलिसांना सोडलं, नागपूरच्या हायकोर्टाने शिक्षा दिली, आणि १९७८ साली सुप्रीम कोर्टाने पुन्हा सोडलं. का? तिच्या अंगावर जखमा नव्हत्या, तिने आरडाओरडा केल्याचं दिसत नव्हतं. ठाण्यात पोलिसांपुढे एक पोर आरडाओरडा करणार! तिकडे कॅप्टन म्हणतो माझ्या तोंडावर ओरखडे दाखव, इकडे कोर्ट म्हणतं तुझ्या अंगावर दाखव. १९७९ साली कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सुप्रीम कोर्टाला उघडं पत्र लिहिलं, देशभर बाया रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्कारात संबंध आल्याचं सिद्ध झालं आणि बाई म्हणाली माझी संमती नव्हती, तर कोर्टाने तेच धरून चालावं, हे तेव्हा कायद्यात आलं. त्या मोहिमेतल्या पत्रकांच्या घड्या मीही घातल्या आहेत, रात्र रात्र बसून.

आता त्या भागाचा शेवट. दोन्ही कॅप्टन पुन्हा एक होतात. गोष्टीचं तात्पर्य असं की पुरुषाला त्याचा तो आडदांड अर्धाही लागतो, त्याच्याशिवाय हुकूम चालवता येत नाही. रँडबाई कॅप्टनपाशी येते, काही बोलू बघते. तो आभार मानून तिला वाटेला लावतो. मग स्पॉक, जो कधी हसत नाही तो, गालात हसून तिला विचारतो की त्या तोतयात काही गुण मोठे मजेदार होते, नाही का?

सतरंजीवर सगळे हसले होते. स्पॉक हसला म्हणून हसले. आणि मीही हसले. पत्रकांच्या घड्या घालणारी मीच ती. भाचीला काय उत्तर देऊ? म्हटलं, इंग्रजी कळलं नव्हतं. ते खरं नाही. दादाने ते वाक्य मराठीत सांगितलं होतं.

ही भूमिका करणारी ग्रेस ली व्हिटनी २०१५ साली वारली. तिने १९९८ साली आत्मकथन लिहिलं. त्यात ती सांगते की मालिकेच्याच एका वरच्या अधिकाऱ्याने तिच्यावर लैंगिक अत्याचार केला, आणि लवकरच तिला मालिकेतून काढलं. नाव तिने घेतलं नाही. पहिल्याच वर्षात रँडबाई पडद्यावरून नाहीशी झाली. बाहेर सांगण्यात आलं ते असं की कॅप्टनला एकाच बाईत अडकवलं तर त्याला बाकीच्या नायिकांशी प्रेम करता येणार नाही. स्पॉकच्या त्या वाक्याबद्दलही तिने लिहिलंय. जिच्यावर नुकताच असा प्रसंग गुदरला, तिला याहून निर्दय काय बोलता येईल, असं तिचं म्हणणं.

एवढं ऐकून तुम्ही म्हणाल, मग ती मालिका टाकाऊच. तसं नाही. तिच्यात उहुरा नावाची काळी बाई अधिकारी होती. तिला बघून मोठी झालेली मे जेमिसन १९९२ साली खरोखर अवकाशात गेली, अमेरिकेतली पहिली काळी स्त्री. पण याच उहुराचं आणि कॅप्टनचं १९६८ मधलं जे चुंबन 'काळ्या-गोऱ्यांचं पहिलं' म्हणून गाजलं, ते गोष्टीत कसं आहे? परग्रहावरचे सत्ताधीश मनाच्या जोराने त्या दोघांना बाहुल्यांसारखं नाचवतात आणि ते करायला लावतात. तिला नको असतं. ज्याचा सण करतो ते आधी नीट बघावं. आणि १९६९ चा जुन्या मालिकेचा शेवटचा भाग! कॅप्टनांच्या जगात बाईला जागा नाही, हे त्यातली एक बाई तोंडावर बोलून दाखवते, तर तिलाच वेडी ठरवतात. बाई कॅप्टन मुख्य भूमिकेत आली ती १९९५ साली. भूक संपवायला यांना जमलं, पण याला एकोणतीस वर्षं लागली.

आता दुसरा भाग, नोव्हेंबर १९८८ मधला. नवी मालिका, नवं यान. डियाना ट्रॉय ही समुपदेशक, म्हणजे आपण करतो तेच काम. ती झोपलेली असताना उजेडाचा एक ठिपका यानात शिरतो, तिच्या अंथरुणात शिरतो, आणि सकाळी ती गरोदर असते. तिला कुणी विचारलेलं नाही. मग बैठक बसते. टेबलाभोवती चर्चा सुरू. एक म्हणतो गर्भ पाडा, यानाला धोका आहे. दुसरा म्हणतो ठेवा, अभ्यास होईल. तिसऱ्याला बाप कोण ते हवंय. जिच्या पोटात आहे ती तिथेच बसलीये! शेवटी तीच सांगते की तुम्हाला यानासाठी करायचं ते करा, मी मूल जन्माला घालणार. एवढ्यापुरतं बरं वाटतं. पण जे झालं त्याला अख्ख्या भागात कुणी अत्याचार म्हणत नाही. त्या उजेडाला माणसांबद्दल कुतूहल होतं म्हणे, जवळून बघायचं होतं म्हणून तो आला. मूल मरतं, उजेड निघून जातो, आणि संगीत असं वाजतं की आपण रडावं त्या उजेडासाठी.

त्याच १९८८ साली, मैत्रिणींनो, महाराष्ट्राने गर्भलिंगचाचणीवर बंदी घालणारा देशातला पहिला कायदा केला. मुंबईच्या बाया १९८५ पासून त्यासाठी लढत होत्या. इथेही यंत्र होतं, टेबल होतं, टेबलाभोवती सासू, नवरा, डॉक्टर होते.

आणि झरी-मारेगावच्या पट्ट्यात तर ही गोष्ट मला सांगायलाच नको. बाहेरून माणूस येतो, कधी ठेकेदार, कधी आणखी कुणी. लग्नाचं आमिष दाखवतो, काम संपलं की निघून जातो. मागे कोलामाची पोर आणि तिचं लेकरू. वर्तमानपत्रांनी तिला नाव दिलं, 'कुमारी माता'. नाव तिला मिळालं. त्याला काय म्हणायचं, त्यासाठी शब्दच केला नाही कुणी. हे नाव मला मुळीच पसंत नाही, आणि आपल्या अहवालांत ते यापुढे येऊ नये असं मी सुचवते. बदली शब्द पोडावरच्या बायांनी सांगावा, आम्ही शहरातल्यांनी नव्हे.

त्या ट्रॉयचं पुढेही संपत नाही. १९९२ साली एक जण तिच्या आठवणींत घुसून अत्याचार करतो. २००२ च्या सिनेमात पुन्हा तसंच, आणि तेही तिच्या लग्नानंतर लगेचच. या वेळी तिचा भला, सुसंस्कृत कॅप्टन तिला म्हणतो की असे हल्ले आणखी सोसता आले तर सोस, कामगिरीवर मला तू हवी आहेस. मला हे त्या १९६६ च्या हसण्याइतकंच लागलं. किती जणींना घरातून, पक्षातून, कधी कधी संघटनेतूनही हेच ऐकावं लागलंय, त्यांनी इथे हात वर करायची गरज नाही. मला ठाऊक आहे.

आता कामाचं. रँडबाई म्हणाली होती की मी बोललेही नसते. आपल्याकडे जिनिंगमध्ये, विटभट्टीवर, शेतात, दुसऱ्याच्या घरी काम करणाऱ्या बाईला वाटतं की तक्रार करायची कुणाकडे, मालकाविरुद्ध मालकाकडेच? तसं नाही. २०१३ च्या कायद्याप्रमाणे जिथे दहापेक्षा कमी माणसं कामाला आहेत, किंवा तक्रार मालकाविरुद्धच आहे, तिथे जिल्ह्याची स्थानिक समिती तक्रार ऐकते. तक्रार घ्यायला तालुक्याला एक अधिकारी नेमायचा असतो, आणि त्याने ती सात दिवसांत समितीकडे पाठवायची असते. घटना घडल्यापासून तीन महिन्यांत तक्रार द्यायची. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. लिहिता येत नसेल तर समितीने मदत करायची, तसं कायद्यातच आहे. आपल्या तालुक्याला तो अधिकारी कोण, हे इथल्या किती जणींना माहीत आहे? बघा, दोन हात. उद्या तहसीलवर जाऊन आधी ते नाव लिहून आणायचं आणि प्रत्येक गटाच्या वहीत उतरवायचं.

आता चहा घेऊ. चहानंतर तो चौकशीचा प्रसंग आपण इथे बसवू. पांढरकवड्याच्या तिघी कॅप्टन, स्पॉक आणि डॉक्टर होतील. रँडबाई कोण होणार ते तुम्ही ठरवा. आधी मालिकेत होता तसा करू. मग त्या तिघांना बाहेर काढू आणि तिच्याजवळ कुणी बसायचं, पहिलं काय विचारायचं, ते करून बघू.