मधले महिने आणि उसाचा फड

(ऊसतोडीला निघण्यापूर्वी बीड जिल्ह्यात झालेल्या महिला आरोग्य शिबिरातील भाषणाचं शब्दांकन)

आजचा विषय आहे गरोदरपणाचे मधले महिने, म्हणजे चौथा, पाचवा, सहावा, आणि येणाऱ्या बाळाची तयारी. बाळंतपण म्हटलं की आपण एक तर पहिल्या तीन महिन्यांतल्या उलट्यांबद्दल बोलतो, नाही तर एकदम कळांबद्दल. मधले महिने 'बरे दिवस' म्हणून सोडून देतो. उलट्या थांबलेल्या असतात, तोंडाला चव आलेली असते, पोट अजून फार आड येत नाही. घरातले म्हणतात, आता काय, सगळं ठीक आहे. आणि त्याच वेळी तिच्या हातात कोयता दिला जातो.

आपल्या गावांतून दसरा-दिवाळीला गाड्या निघतात. हिशेब करून पाहा. दिवाळीला जिला पाचवा महिना लागला, तिचा पाचवा, सहावा, सातवा सगळा उसाच्या फडावर आणि कोपीत जाणार. कळा येणार मार्चच्या अखेरीला किंवा एप्रिलच्या सुरुवातीला, हंगाम संपता संपता. ज्या महिन्यांत सगळ्यात महत्त्वाच्या तपासण्या व्हायच्या, तेव्हा ती आपल्या आशाताईपासून, अंगणवाडीपासून शेकडो किलोमीटर दूर असते. नवरा-बायको मिळून एक कोयता, दोघांच्या नावावर उचल, आणि एक दिवस पडलं तर खाडा. ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढली जातात म्हणून ओरड झाली, २०१९ साली सरकारने समिती नेमली. पण ज्या गर्भाशयात बाळ आहे, त्या बाईच्या रोजच्या दिवसाची चौकशी कोण करतं?

आधी शरीराची ओळख करून घेऊ. चौथ्या महिन्यात गर्भाशय ओटीपोटातून वर सरकू लागतं. विसाव्या आठवड्याच्या सुमाराला ते बेंबीपर्यंत येतं. पहिलटकरणीला बाळाची हालचाल साधारण अठराव्या ते विसाव्या आठवड्यात कळते, आधी बाळंत झालेलीला थोडी लवकर. सुरुवातीला पोटात वारा फिरल्यासारखं वाटतं. चोविसावा आठवडा आला तरी काहीच जाणवलं नाही, किंवा रोज फिरणारं बाळ मंद झालं, तर वाट न पाहता दवाखान्यात जायचं. अठ्ठावीस आठवडे भरताना बाळ साधारण एक किलोचं असतं.

या दिवसांत पोटाच्या कडेला ओढ लागते, छातीत जळजळतं, रात्री पोटऱ्यांत गोळे येतात. हे बहुतेकींना होतं. पांढरं थोडं जास्त जाणंही नेहमीचं. पण त्याला वास येत असेल, खाज सुटत असेल, किंवा लघवीला आग होत असेल, तर तो जंतुसंसर्ग आहे. फडावर आडोसा नसतो म्हणून बायका दिवसभर पाणीच पीत नाहीत, लघवी दाबून ठेवतात. त्यातून हा त्रास वाढतो आणि उपचार झाला नाही तर दिवस भरण्याआधी कळा सुरू होऊ शकतात. म्हणजे संडास नसणं हा नुसता लाजेचा प्रश्न नाही, बाळाच्या जिवाचा प्रश्न आहे.

दुसरी गोष्ट रक्ताची. गरोदरपणात अंगातलं रक्त जवळजवळ दीडपट होतं. त्यासाठी लोह लागतं आणि आपल्या ताटात ते कमी असतं. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या शंभर गरोदर बायकांपैकी ५२ जणींना रक्तपांढरी आढळली. हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं की रक्त कमी आहे असं समजायचं. अशा बाईला बाळंतपणात थोडा जास्त रक्तस्राव झाला तरी जीव धोक्यात येतो. म्हणून चौथ्या महिन्यापासून रोज एक लोहाची गोळी, निदान १८० दिवस. कॅल्शियमच्या रोज दोन, पण लोहाच्या गोळीबरोबर नाही, काही तासांचं अंतर ठेवून. लोहाची गोळी चहाबरोबरही घ्यायची नाही, लिंबूपाणी चालेल. शौच काळी होते, त्याला घाबरून गोळ्या उकिरड्यावर टाकू नका. निघताना पुरेशा गोळ्या मागून घ्या. तो तुमचा हक्क आहे.

आता तपासण्या. प्रत्येक भेटीत वजन, रक्तदाब आणि लघवी. रक्तदाब १४०/९० किंवा त्याच्या वर गेला तर ते दुखणं गंभीर आहे. चोविसाव्या ते अठ्ठाविसाव्या आठवड्यात साखरेची तपासणी पुन्हा करायची. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त घेतात. साखर १४० किंवा जास्त आली तर उपचार लागतो. धनुर्वात-घटसर्पाची टीडी लस चार आठवड्यांच्या अंतराने दोनदा. एक जंतनाशक गोळी. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात चौथ्या महिन्यापासून पुढच्या बायकांची तपासणी मोफत होते. ही सोय २०१६ पासून आहे. ९ तारीख लक्षात ठेवा. फड कुठल्याही जिल्ह्यात असो, तिथल्या दवाखान्याने तुम्हाला परत पाठवता कामा नये.

अठरा ते वीस आठवड्यांच्या दरम्यान एक सोनोग्राफी करतात. बाळाची वाढ आणि व्यंग पाहण्यासाठी ती लागते. मुलगा की मुलगी हे पाहण्यासाठी नाही. सासू, नवरा, कधी एखादा एजंट याच वेळी मागे लागतो. महाराष्ट्रात बायकांच्या आणि आरोग्याच्या चळवळीने लढून १९८८ साली गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा करून घेतला, देशाचा कायदा १९९४ साली आला. तरीही महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे १९९१ साली ९४६ मुली होत्या, त्या २०११ साली ८९४ उरल्या. लिंग सांगणं हा गुन्हा आहे, खुणेने सांगणंही गुन्हाच.

पण इथे एक गल्लत होते. गर्भलिंग पाहणं गुन्हा आहे, गर्भपात नाही. १९७१ च्या कायद्याने गर्भपात कायदेशीर आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ठरावीक परिस्थितीतल्या बायकांना तो २४ आठवड्यांपर्यंत करून घेता येतो. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की यात लग्न झालेली आणि न झालेली असा भेद करता येणार नाही. बाळात गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळाच्या परवानगीने त्यानंतरही करता येतो. तेव्हा 'मुली वाचवा' म्हणताना अडचणीतल्या बाईला भोंदूच्या दारात ढकलू नका.

आता कामाबद्दल. गरोदर बाई आजारी नसते. चालणं, घरकाम, हलकं काम तिला चांगलंच. पण ३०-४० किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणं हे हलकं काम नाही. पोट वाढलं की तोल बदलतो, सांधे सैल होतात, पडण्याचा धोका वाढतो. आणि खाणं? पहाटे दोनला उठायचं, पुरुषांना वाढून उरलं ते खायचं. त्यात काही घरांत म्हणतात, फार खाल्लंस तर बाळ मोठं होईल, सुटका अवघड होईल. हे खरं नाही. उपाशी आईचं बाळ कमी वजनाचं होतं आणि असं बाळ लवकर दगावतं. भाकरी, डाळ, पालेभाजी, शेंगदाणे, मिळालं तर अंडं, आणि दिवसातून एक खाणं जास्त. डोहाळजेवण एका दिवसाचं असतं, भूक रोजची असते.

नोकरी करणाऱ्या बाईला २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे भरपगारी रजा मिळाली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती कायम आहे. ऊस तोडणारीला मात्र खाडा. अन्नसुरक्षा कायद्याने २०१३ साली गरोदर बाईला किमान सहा हजार रुपये कबूल केले, मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला हातात येतात पाच हजार. ते मिळवण्यासाठीही नोंदणी लागते, म्हणून नाव लवकर नोंदवा.

आता बाळाची तयारी. आधी काही आणलं तर दृष्ट लागते म्हणतात. तर नवं आणू नका, जुनंच काढा. जुन्या मऊ सुती लुगड्याचे, धोतराचे धुऊन उन्हात वाळवलेले सात-आठ तुकडे, झबलं, टोपडं, लंगोट, एक गोधडी, आईसाठी स्वच्छ घड्या. माता-बाल संरक्षण कार्ड, आधार, बँकेचं पुस्तक एका पिशवीत. शिवाय चार गोष्टी आधी ठरवायच्या. कोणत्या दवाखान्यात जायचं? गाडी कोणाची? १०८ नंबर सगळ्या टोळीला पाठ हवा. रक्त लागलं तर कोण देणार? मोठी पोरं कोणाजवळ राहणार? या चार गोष्टी नवऱ्याने ठरवायच्या. मूल दोघांचं आहे.

सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, रक्त, जेवण, गाडी सगळं मोफत आहे, २०११ पासून. कोणी पैसे मागितले तर तक्रार करा. कळांच्या वेळी शिव्या, चापट्या सहन करायच्या नसतात. ओळखीची एक बाई जवळ असावी हे २०१७ च्या 'लक्ष्य' कार्यक्रमात मान्य आहे. बाळ झाल्यावर तासाभराच्या आत अंगावर घ्या. पिवळा चीक टाकू नका, ती पहिली लस आहे. मध, गूळपाणी, घुटी नको. सहा महिने फक्त अंगावरचं दूध. नाळेला हळद, तेल, राख काही लावायचं नाही.

आणि ही लक्षणं दिसली तर रात्र असली तरी निघायचं: रक्त जाणं, पाणी जाणं, फार डोकं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर-हातांवर सूज, ताप, झटके. पोटावर लाथ बसली असेल तरीही दवाखान्यात जायचं, आणि मग गप्प बसायचं नाही. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा तिच्यासाठीच आहे. १८१ वर फोन लावता येतो.

मैत्रिणींनो, हे सगळं एकटीने लक्षात ठेवून भागणार नाही. गाडी निघण्याआधी प्रत्येक टोळीतल्या गरोदर बायकांची यादी करा. नाव, कितवा महिना, शेवटचं हिमोग्लोबिन, दिवस कधी भरतात. एक यादी आशाताईजवळ, एक टोळीतल्या एका जाणत्या बाईजवळ. मुकादमासमोर आत्ताच बोलून घ्या, की गरोदर बाई मोळी उचलणार नाही, आणि महिन्यातून एक दिवस तपासणीला जाईल, त्याचा खाडा लागणार नाही. आणि कारखान्यांकडे, सरकारकडे आपण एकत्र मागू या: फडावर संडास आणि पिण्याचं पाणी, अंगणवाडीचा आहार जिथे बाई तिथे, आणि ऊसतोड बाईलाही बाळंतपणाची भरपगारी रजा.

उचल घेताना तिला अर्धा कोयता म्हणून मोजतात. यादीत तिचं पूर्ण नाव लिहायला आजच सुरुवात करू या.