फोटो निघाला, पण कळला काय ?

दवाखान्यांतून परत येणाऱ्या माणसाच्या हातांत पुष्कळदां एक मोठें पाकीट दिसतें. आंत क्ष-किरणांची काळसर फिल्म असते. घरोघर तिला सरळ ‘फोटो’ असें म्हणतात. हा फोटो काढून घेण्यासाठीं रोगी रांगेंत बसतो, उघडी छाती थंडगार पाटीला टेकतो, सांगितल्याबरोबर श्वास रोखून धरतो आणि पैसेही मोजतो. मग डॉक्टर ती फिल्म उजेडासमोर धरून क्षणभर पाहतात. “गोळ्या लिहून देतों, पंधरा दिवसांनीं या,” एवढें बोलणें होतें, आणि पाकीट घरीं जाऊन कपाटावर चढतें. ज्याच्या छातीचा तो फोटो, त्याला त्यांतलें काय कळलें, हा प्रश्न बहुधा कोणी विचारीत नाहीं.

कित्येक घरांत तर याहून निराळा प्रकार घडतो. तपासणीचा अहवाल वडिलांच्या हातीं न पडतां मुलाच्या मोबाइलवर येतो. मुलगा तो वाचतो, त्यांतील दोन इंग्रजी शब्दांनीं घाबरतो व मामांना पाठवितो. मामा तो ओळखीच्या डॉक्टरांना दाखवितात. पलीकडच्या खोलींत पडलेले वडील मात्र “काय आलें रे ?” म्हणून विचारीत राहतात. “कांहीं नाहीं, बाबा. तुम्ही स्वस्थ पडा,” हें उत्तर प्रेमापोटींच दिलेलें असतें. तथापि ज्या देहाविषयीं सारें घर कुजबुजत असतें तो देह त्यांचा असतो. पथ्य पाळावयाचें, गोळ्या वेळेवर घ्यावयाच्या, वर्षानुवर्षांची तंबाखू सोडावयाची, हें सारें त्यांनींच करावयाचें असतें. जें कारण कळलेंच नाहीं, त्यासाठीं माणूस किती दिवस जिभेला आवर घालील ?

या किरणांचा इतिहास तसा फार जुना नाहीं. १८९५ सालच्या नोव्हेंबर महिन्यांत जर्मनींतील वुर्ट्झबुर्ग येथें विल्हेल्म राँटगेन यांना ते सांपडले. त्याच वर्षीं डिसेंबरच्या २२ तारखेस त्यांनीं आपल्या पत्नीच्या हाताचें चित्र घेतलें. बोटांचीं हाडें आणि बोटांतील अंगठी त्यांत स्पष्ट उमटली होती. तें चित्र पाहून त्या बाईंना आपला मृत्यूच पाहिल्यासारखें वाटलें, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका खरी असो वा नसो, तींत एक मर्म आहे. स्वतःच्या शरीराचें अंतरंग प्रथमच पाहणाऱ्याला ज्ञान होण्यापूर्वीं भीति वाटते.

पुढें साधनें वाढलीं. १९७१ सालीं लंडन येथें सी. टी. स्कॅनच्या यंत्रानें एका रोग्याच्या मेंदूचें चित्र प्रथमच घेण्यांत आलें. ध्वनिलहरींवर चालणारी सोनोग्राफी आली, चुंबकशक्तीच्या योगानें चित्र देणारें एम्. आर्. आय्. आलें. डॉक्टरांची दृष्टि अशा रीतीनें त्वचेपलीकडे पोंचली. रोग्याची दृष्टि मात्र पुष्कळ ठिकाणीं पाकिटाच्या बाहेरच राहिली. वास्तविक हीं चित्रें जशीं रोग ओळखण्याच्या कामीं येतात, तशींच तीं रोग्याला समजूत देण्याच्याही कामीं येऊं शकतात. आणि कांहीं रोगांच्या बाबतींत या दुसऱ्या कामाचें महत्त्व पहिल्याहून कमी नाहीं.

हे रोग म्हणजे मुक्यानें वाढणारे रोग. दांत दुखूं लागला म्हणजे उपदेशाची गरज उरत नाहीं. रोगी आपल्या पायांनीं दवाखाना गांठतो. परंतु धमन्यांच्या आंतल्या अंगास मेदाचे थर सांचूं लागतात तेव्हां कोठेंच दुखत नाहीं. माणूस जेवतो, हिंडतो, जिना चढतो. रक्ततपासणीच्या कागदावर कोलेस्टेरॉलचा आंकडा वाढलेला असतो. पण आंकडा पाहून पोटांत धस्स होणारीं माणसें थोडीं. “मला तर कांहीं होत नाहीं,” असें म्हणून तो कागद घडी घालून ठेवून देतो. एखादे दिवशीं छातींत कळ येते अथवा अर्धें अंग लुळें पडतें, तेव्हांच त्या आंकड्याचा अर्थ घरादाराला कळतो. त्या वेळीं पुष्कळ उशीर झालेला असतो.

अशा माणसाला त्याची स्वतःचीच धमनी दाखविली तर तो शहाणा होईल काय ? हा प्रश्न स्वीडनमध्यें पद्धतशीरपणें तपासून पाहण्यांत आला. त्या देशाच्या उत्तर भागांत व्हेस्टरबॉटन नांवाचा प्रांत आहे. तेथें हृदयविकारानें व तत्सम रोगांनीं फार माणसें दगावत, म्हणून १९८५ सालापासून आरोग्याची एक मोहीम चालू झाली. चाळीस, पन्नास आणि साठ या वयांच्या टप्प्यांवर लोकांची तपासणी करून त्यांना सल्ला द्यावयाचा, असा तिचा क्रम. याच मोहिमेंतील ३,५३२ स्त्रीपुरुष २०१३ ते २०१६ या काळांत एका प्रयोगांत सामील करून घेण्यांत आले. प्रत्येकाला हृदयरोगास पोषक असें निदान एक तरी कारण होतें. मानेंतून मेंदूकडे रक्त नेणाऱ्या त्यांच्या धमन्यांची सोनोग्राफी करण्यांत आली, आणि मग चिठ्ठ्या टाकाव्या त्याप्रमाणें त्यांचे दोन गट पाडण्यांत आले.

एका गटाला नेहमींचाच सल्ला मिळाला. सोनोग्राफींत काय दिसलें तें त्यांना सांगितलें नाहीं व त्यांच्या डॉक्टरांनाही कळविलें नाहीं. दुसऱ्या गटांतील प्रत्येकाच्या घरीं त्याच्या धमनीची स्थिति दाखविणारें एक रंगीत चित्र पाठविण्यांत आलें. यंत्रावर उमटणारी करडी, धूसर आकृति तशीच्या तशी पाठविलेली नव्हती. धमनीचें वय तिच्या धन्याच्या वयाच्या मानानें किती, हें हिरव्यापासून तांबड्यापर्यंत जाणाऱ्या पट्टीवर दाखविलें होतें. आणि मेदाचा थर आढळला असल्यास तांबडें वर्तुळ, नसल्यास हिरवें, अशी खूण होती. रस्त्यावरचा दिवा ज्याला कळतो त्याला तें चित्र कळावें, अशी ही योजना. शिवाय दोन ते चार आठवड्यांच्या आंत एक परिचारिका फोन करून चित्राचा अर्थ समजावून देई व शंका ऐके. तेंच चित्र त्या माणसाच्या डॉक्टरांकडेही जाई.

वर्षभरानें पुन्हा तपासणी झाली, आणि निष्कर्ष २०१९ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. पुढील दहा वर्षांतील धोका मोजण्याचें फ्रेमिंगहॅम नांवाचें एक माप आहे. त्या मापानें चित्र न मिळालेल्यांचा सरासरी अंक १३.३१ भरला, तर चित्र मिळालेल्यांचा १२.२४. कोलेस्टेरॉलही दुसऱ्या गटांत अधिक उतरलें. हा फरक डोळे दिपविणारा नाहीं, आणि तो धोक्याच्या मापांतील फरक आहे. किती जीव वांचले याची ती मोजदाद नव्हे. तरीही एक चित्र व एक संभाषण एवढ्या अल्प साधनांनीं हजारों माणसांचें पाऊल किंचित् का होईना योग्य दिशेला वळलें, ही गोष्ट लहान म्हणतां येणार नाहीं.

यांतील खरी शिकवण मात्र नीट पाहिली पाहिजे. त्या लोकांना नुसतें चित्र मिळालें नव्हतें; समजेल असें चित्र, समजावणारा आवाज आणि तेंच चित्र समोर असलेला डॉक्टर, अशा तीन गोष्टी एकत्र मिळाल्या होत्या. नकाशा भिंतीवर टांगला म्हणजे मुलाला भूगोल येत नाहीं. निळी रेघ नदीची, तपकिरी रंग डोंगराचा, हें कोणी तरी बोट ठेवून सांगावें लागतें.

असें सांगणारें कोणी नसलें कीं चित्र उलटें फसवूं शकतें. पाठदुखीचेंच उदाहरण घ्यावें. ज्यांची पाठ मुळींच दुखत नव्हती अशा ३,११० लोकांच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा २०१५ सालीं प्रसिद्ध झाला. मणक्यांमधील गाद्यांची झीज विशीच्या वयांतही शंभरांत ३७ जणांस आढळली, आणि ऐंशीच्या वयांत शंभरांत ९६ जणांस. अर्थात् ही झीज बव्हंशीं केस पिकण्यासारखीच वयाची खूण आहे. परंतु अहवालांत ‘झीज’ हा शब्द वाचून पन्नाशीचा गृहस्थ हादरतो, आपली पाठ मोडकळीस आली असें समजून वांकणें सोडतो, फिरणें सोडतो, आणि बसून बसून खरोखरच अधू होऊं लागतो. चित्र खरें असतें. समजूत मात्र खोटी झालेली असते.

क्षयाच्या बाबतींतही असेंच घडतें. औषध सुरू झालें कीं कांहीं आठवड्यांत खोकला उतरतो, अंगीं बळ येतें, आणि “आतां कशाला गोळ्या ?” असें रोग्याला वाटूं लागतें. साध्या क्षयाचा औषधोपचारही सहा महिने करावा लागतो. अशा वेळीं फुप्फुसावरील डाग बोट ठेवून दाखविणारा डॉक्टर त्याला मधेंच उपचार सोडण्यापासून परावृत्त करूं शकेल. मात्र त्याच डॉक्टरांनीं हेंही सांगावयास हवें कीं, रोग पूर्ण बरा झाल्यावरही जखमेच्या व्रणाप्रमाणें एखादा डाग कायमचा राहूं शकतो. नाहीं तर बरा झालेला माणूस पुढें एखादा फोटो निघाला कीं पुन्हा स्वतःला रोगी समजूं लागेल.

डॉक्टरांना वेळ थोडा असतो, हें खरें. परंतु निरोगी छातीचें एक चित्र शेजारीं धरून “येथें असें असावयास हवें, तुमचें असें आहे,” एवढें सांगण्यास दोन मिनिटें पुरतात. शेवटीं “तुम्हांला काय समजलें तें सांगा पाहूं,” असें विचारलें म्हणजे समजुतींतला खड्डा तेथल्या तेथें उघडा पडतो. रोग्यानेंही संकोच धरूं नये. दोष नेमका कोठें आहे, तो माझ्या वयाला साहजिक आहे काय, माझ्या त्रासाचें कारण तोच आहे काय, आणि माझ्या हातून काय व्हावयास हवें, हे चार प्रश्न विचारण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे. जुन्या फिल्म टाकून देऊं नयेत, कारण पुष्कळदां जुनें चित्र शेजारीं ठेवल्यावांचून नव्याचा अर्थ लागत नाहीं. तसेंच केवळ कुतूहलानें चित्रें काढीतही सुटूं नये. सी. टी. स्कॅन हा क्ष-किरणांचाच प्रकार असून छातीच्या साध्या फोटोहून त्यांत किरणांची मात्रा पुष्कळच अधिक असते.

राहतां राहिले पलीकडच्या खोलींतले वडील. भीति वाटेल म्हणून त्यांच्यापासून पाकीट लपविलें, तरी भीति कांहीं टळत नाहीं. बंद दारामागची कुजबुज फोटोपेक्षां अधिक घाबरविते. त्यांना किती ऐकावयाचें आहे हें त्यांनाच विचारावें, आणि ऐकावयाचें असेल तर डॉक्टरांच्या समोरच्या खुर्चीवर मुलाऐवजीं त्यांना बसवावें. मुलानें शेजारीं उभें राहावें आणि फिल्म उजेडासमोर धरावी.