राजीनामा कशाला म्हणतात?

पांढुर्णा-सौंसरच्या या सीमाभागातल्या लेखनाचा अध्यक्षाने आढावा घ्यावा अशी आपली अपेक्षा होती. तो आज होणार नाही. फार वर्षं मनात राहिलेलं एक बोलून टाकायचं आहे.

‘इथं भाषेचा प्रश्नच नाही, सगळ्यांना हिंदी येते.’ माझं भांडण या एका वाक्याशी आहे. 1 नोव्हेंबर 1956 रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि पांढुर्णा-सौंसरसह छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. त्याआधीच्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती, राजभाषा हिंदी आणि मराठी दोन्ही. सौंसरच्या शेतकऱ्याचं घर, बाजार, सोयरीक जिथल्या तिथं राहिली, कागद तेवढा बदलला. हिंदी त्याला आली, चांगली आली, आणि घोटाळा नेमका तिथेच आहे. तमिळ बोलणारा समोर आला तर माणूस थांबतो, हातवारे करतो, दुभाष्या शोधतो. हिंदी-मराठीत कोणी थांबत नाही, कारण दोघांनाही सगळं कळल्यासारखं वाटतं. ‘राजीनामा’ घ्या. महाराष्ट्रात मंत्री तो देतो आणि खुर्ची सोडतो. इथल्या कोर्टात वादी-प्रतिवादी मिळून तो करतात आणि खटला मिटतो. सीमेपलीकडे ज्याचा अर्थ सोडून जाणं, अलीकडे त्याचाच अर्थ जुळवून घेणं! तहसीलच्या नोटिशीतली ‘आपत्ति’ म्हणजे हरकत, मराठी कानाला ते संकट. हिंदीतलं ‘संशोधन’ म्हणजे दुरुस्ती, ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न. आणि ‘शिक्षा’ म्हणजे चक्क शिक्षण, ज्यात मराठीचा अर्थही थोडाफार खरा आहे म्हणा.

असे शब्द पाठ करता येतील, त्याला एवढं काय, असं कोणी म्हणेल. शब्द पाठ होतात, बोलण्याची रीत होत नाही. संत्र्याचा बगीचा झाडावरच विकला जातो. माल नजरेने जोखायचा, इसार घ्यायचा, बाकीचा चुकारा मागाहून. एवढा मोठा सौदा अंदाजावर चालतो, तेव्हा तोंडच्या शब्दावर फार भार येतो. आपल्या बोलीत ‘पाहू न जी’ हा पुष्कळदा नकार असतो, कारण दारात आलेल्याला तोंडावर ‘नाही’ म्हणणं बरं दिसत नाही. ‘हो जी’ म्हणजे ऐकतो आहे; कबूल आहे असं नव्हे. लांबून आलेल्या व्यापाऱ्याला ‘हो’ ऐकू येतं. मग एकाला दुसरा लबाड वाटतो, दुसऱ्याला पहिला आडमुठा, आणि दोघंही आपापल्या परीने प्रामाणिक असतात.

मोठा आक्षेप वेगळाच आहे. हे सारं बळाचं आहे, ज्याच्या हाती पैसा आणि शिक्का त्याचं चालतं, संस्कृतीला मध्ये कशाला ओढता? आक्षेप निम्मा खरा आहे. पण बळ पूर्ण हाताशी असूनही बोलणी कशी फसतात, ते पाहायला लांब जायला नको. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा लावतात. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव, आणि झेंड्यासाठी गोटमार, म्हणजे एकमेकांवर दगडफेक, सुरू होते. माणसं जखमी होतात, मेलीही आहेत. सरकारकडे पोलीस होते, जमावबंदीचा हुकूम होता. एकदा तर दगडांऐवजी रबरी चेंडू आणून ठेवले. चेंडू चालले नाहीत, आणि लोक अडाणी, असा निष्कर्ष निघाला. मला तो मान्य नाही. समोरच्याला काय हवं आहे हे न विचारता त्याला काय द्यायचं ते परस्पर ठरवलं, तर ती बोलणी कसली? चेंडूने इजा कमी होते हे खरं, पण झेंडा चंडीमातेचा आहे आणि इजा टळावी म्हणून कोणी पात्रात उतरत नाही. उलट झेंडा कोणाच्याच हाती लागला नाही, तर संध्याकाळी दोन्ही काठ सहमतीने तो काढतात आणि देवळात नेतात. थांबायची रीत त्या प्रथेच्या पोटातच आहे. संध्याकाळची ती सहमती सकाळीच कशी व्हावी, एवढंच बोलायचं होतं. ही दगडांची तरफदारी नव्हे. त्यात एकही जीव जाऊ नये म्हणूनच हे सांगतो आहे.

पुढची पिढी घरातही हिंदी बोलेल आणि प्रश्न आपोआप मिटेल, असं काही मित्र म्हणतात. मिटणार नाही. भाषा बदलली तरी ‘पाहू’ जाऊन ‘देखेंगे’ येईल आणि त्या ‘देखेंगे’चा अर्थ जुनाच राहील. लांबून आलेल्याची पंचाईत उलट वाढेल, कारण आता शब्दही त्याचाच असेल. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करावी, असं संविधानाचं कलम 350-अ 1956 पासून सांगतं. ते हवंच. पण शाळेत मूल ‘आपत्ति’ लिहायला शिकेल, ‘पाहू न जी’ ऐकायला नाही.

2023 साली पांढुर्णा-सौंसरचा वेगळा जिल्हा झाला. या जिल्ह्यातल्या सौद्याच्या, पंचायतीच्या आणि कोर्टाच्या बोलण्याचा एक कोश व्हावा असं मला वाटतं. नुसते अर्थ नकोत. कोणी, कोणाला, कुठल्या वेळी म्हटलं तेही हवं. तो कोण करील, पैसे कुठून येतील, आज सांगता येत नाही. सुरुवात ‘राजीनामा’पासून करावी. आणि इथल्याच भोयरी, गोंडी बोलणाऱ्यांना कोशाच्या पहिल्याच बैठकीला बोलवावं. आपण हिंदीविषयी जी तक्रार करतो, तीच त्यांची आपल्याविषयी असणार, आणि ती ऐकून घेताना आपणही ‘हो जी’ म्हणू.